गावच्या जुन्या फोटोंचा संग्रह: काचेला चिकटलेले फोटो, काचेच्या प्लेटा आणि माणसांची ओळख

खाडीपलीकडे

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यातल्या आमच्या गावात आम्ही सहा जण घरोघरचे जुने फोटो गोळा करतोय. आतापर्यंत १४ घरांतून सुमारे ३२० मिळाले. लग्नामुंजीचे स्टुडिओतले आहेतच, पण आम्हाला खरे मोलाचे वाटतात ते रोजच्या जगण्याचे: भात झोडताना, रापण ओढताना, आंब्याच्या पेट्या भरताना, तरीची वाट बघत उभी असलेली माणसं.

नमुना म्हणून डोळ्यासमोर अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांचे संग्रह आहेत. नेब्रास्कातल्या कस्टर काउंटीत सॉलोमन बुचरने १८८६ पासून शेतकऱ्यांचे त्यांच्या मातीच्या ढेपळांच्या घरांसमोर काढलेले फोटो, आणि १९४० मध्ये रसेल लीने न्यू मेक्सिकोतल्या पाय टाउनमध्ये काढलेले. एका लहानशा वस्तीचं सगळं जगणं त्यात सापडतं. तसं काही आपल्या गावाचं व्हावं, ही इच्छा.

आमच्याकडचा माल असा आहे: चौकटीतले ४० फोटो, त्यातले निम्मे काचेला चिकटलेले. चिकट पानांचे चार अल्बम. एका बुटाच्या खोक्यात ‘१२०’ मापाच्या रोलच्या निगेटिव्ह, काहींना व्हिनेगरसारखा वास येतो. काचेच्या ११ प्लेटा, एक तडकलेली. साधा चपटा स्कॅनर आहे, चांगला कॅमेरा उसना मिळेल. मार्च संपत आलाय. मिरगाच्या आत काय काय उरकावं, आणि कशाला मुळीच हात लावू नये?

---

चिरेबंदी

आधी क्रम सांगतो, कारण तुमच्या हातात जेमतेम दोन महिने आहेत. पहिल्या नंबरवर व्हिनेगरचा वास येणाऱ्या निगेटिव्ह, मग काचेला चिकटलेले फोटो, मग चिकट अल्बम. सुटे फोटो शेवटी, ते पावसातही तग धरतील. पावसाळ्यात हवेतला दमटपणा ६५ टक्क्यांच्या वर गेला की बुरशी धरते आणि आपल्याकडे तो आठवडेच्या आठवडे ८५–९० च्या घरात असतो. म्हणून जे आधीच खराब होऊ लागलंय ते आधी.

काहीही करण्याआधी नंबर द्या. घराला नंबर, फोटोला नंबर: घर ०७, फोटो ०१२. फाइलचं नाव रोमन अक्षरांत आणि आकड्यांत, मध्ये मोकळी जागा न सोडता ठेवा, म्हणजे कुठल्याही संगणकावर ते मोडत नाही. कागदी फोटोच्या मागे नंबर टाकायचा तर मऊ २बी पेन्सिलीने, अगदी कडेला, हलक्या हाताने. बॉलपेन नको, पुढच्या बाजूला वळ उठतो. सत्तरच्या दशकापासूनच्या प्लास्टिकचा थर असलेल्या कागदावर पेन्सिल उमटतच नाही, तिथे नंबर पाकिटावर लिहा.

काचेला चिकटलेले. ओढून काढायचा प्रयत्न करू नका. फोटोवरचा जिलेटिनचा थर ओल पिऊन मऊ होतो आणि काचेला धरतो. ओढलात की कागद तुमच्या हातात आणि चेहरा काचेवर. कुठे चिकटलंय ते ओळखणं सोपं आहे: काच तिरपी धरून उजेडात बघा, चिकटलेला भाग ओला असल्यासारखा गडद दिसतो, सुटा भाग फिका आणि धुरकट.

चौकट पालथी घालून मागच्या चुका (बारीक खिळे) पकडीने सरळ वर ओढा, हलवून हलवून काढू नका. मागचा पुठ्ठा उचलताना त्याखाली काय आहे ते नीट बघा. चौकट बांधणारे पुष्कळदा वर्तमानपत्राचा कागद लावत. त्यावर तारीख असेल तर ती चौकट त्या दिवसाच्या आधीची नाही, एवढं पक्कं कळतं. फोटो मात्र त्याहून जुना असू शकतो. तो कागद आणि स्टुडिओची चिठ्ठी फेकू नका, फोटोच्याच नंबराच्या पाकिटात ठेवा.

आता काच आणि फोटो एकत्रच ठेवून चित्र घ्यायचं. तुमचा स्कॅनर पातळ, हलका, यूएसबीच्या वायरवरच चालणारा असेल तर तो सीआयएस जातीचा आहे. त्याचा फोकस काचेला टेकलेल्या कागदापुरताच असतो. मध्ये दोन-तीन मिलिमीटरची चौकटीची काच आली की चित्र पुसट येतं. सीसीडी जातीचा जाड स्कॅनर मिळाला तर चालेल. नाहीतर कॅमेरा बरा: फोटो टेबलावर सपाट, कॅमेरा वरून सरळ खाली, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत एकेक दिवा, खोलीतले बाकीचे दिवे बंद, खिडक्या झाकलेल्या. काळ्या पुठ्ठ्याला लेन्सएवढं भोक पाडून तो लेन्सला अडकवा, म्हणजे कॅमेऱ्याचं आणि तुमचं प्रतिबिंब काचेत पडत नाही. काच बाहेरून कोरड्या मऊ फडक्याने पुसा. फवारा मारू नका, पाणी कडेने आत शिरतं.

पाण्यात भिजवून सोडवायची युक्ती इंटरनेटवर दिसेल. चांगलं चित्र हाती येईपर्यंत तिचा विचारच नको. बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि हाताने रंगवलेल्या फोटोचे रंग वाहून जातात. कोकणातल्या फोटोंत बुरशी नसलेला फोटो विरळा, म्हणून मी तरी हा प्रयोग करू नका असंच सांगेन.

चिकट अल्बम. वरचं प्लास्टिक हळू सोडवा, मग बिनवासाचा दात साफ करायचा दोरा फोटोच्या कोपऱ्याखालून घालून करवतीसारखा मागेपुढे ओढत न्या. एका फोटोला दोन-तीन मिनिटं लागतात. दोरा अडकला की थांबा आणि तो फोटो पानासकट स्कॅन करा. फोटो सोडवण्याआधी प्रत्येक पानाचं एक चित्र घेऊन ठेवा, कारण कुठला फोटो कुठल्याशेजारी लावला होता यातही माहिती असते.

स्कॅनिंगचे आकडे. कागदी फोटो ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके), तळहाताहून लहान असेल तर १२००. काळापांढरा असला तरी रंगीतच स्कॅन करा, पिवळेपणा आणि डाग यांवरूनही वय कळतं. टिफमध्ये साठवा. ४ बाय ६ इंचांचा फोटो ६०० वर सुमारे २६ एमबी होतो, म्हणजे ३२० फोटो दोन्ही बाजूंनी घेतले तरी १७ जीबीच्या आसपास. एवढ्यासाठी जेपीजीवर भागवायचं कारण नाही. मागची बाजू कोरी असली तरी घ्या. कडा कापू नका, पांढरी किनार पूर्ण आली पाहिजे. ‘ऑटो’, ‘शार्पन’, ‘धूळ काढा’ हे सगळं बंद. मूळ फाइलवर सुधारणा नाही, रंग भरणं तर नाहीच. करायचं ते प्रतीवर.

फोटो, मागची बाजू आणि नोंद धरून एकाला पाच मिनिटं पकडा. ३२० फोटोंना २७ तास होतात. सहा जणांत हे सहज उरकेल.

---

पाखाडी

चिरेबंदींनी स्कॅनिंगचं सांगितलं. पण खाडीपलीकडे, तुमची मिरगाची मुदत फोटोंसाठी आहे. माणसं सांगायला कोण उरलंय, ती मुदत वेगळी आणि तिला महिना नसतो. स्कॅनिंग चालू असतानाच ओळखीचं काम सुरू करा, नंतर नको.

तुम्ही ज्या अमेरिकन संग्रहांचं नाव घेतलंत, त्यातला पाय टाउनचा भाग फार्म सिक्युरिटी अॅडमिनिस्ट्रेशन या सरकारी खात्याचा. १९३५ ते १९४४ या काळात त्या कामातून सुमारे १,७५,००० काळ्यापांढऱ्या निगेटिव्ह जमल्या, आज त्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. हे काम चालवणारा रॉय स्ट्रायकर फोटोग्राफरना आधी लेखी यादी देई: लोक घरी संध्याकाळ कशी घालवतात ते टिपा, भिंतीवर काय टांगलंय ते टिपा. फोटो काढून झाले की फोटोग्राफरने प्रत्येक चित्राची ओळ लिहायची: जागा, महिना, काय चाललंय. पुढे हा संग्रह लावणाऱ्या पॉल व्हँडरबिल्टने एका कामगिरीचे फोटो एका गठ्ठ्यात बांधून त्या गठ्ठ्याला क्रमांक दिला. म्हणून आज कुणीही काउंटीच्या नावाने शोधलं की सापडतं. संग्रह मोठा झाला तो या ओळींमुळे.

त्याच कामातल्या दोन चुकाही लक्षात ठेवा. पहिली: स्ट्रायकरच्या कार्यालयात नापसंत निगेटिव्हना पंचने भोक पाडत. अशी भोकाची चित्रं आज अभ्यासक मुद्दाम शोधून बघतात. तेव्हा तुमच्याकडे कुणाचं डोकं कापलं गेलेला, हललेला फोटो आला तरी त्याला नंबर द्या. दुसरी चूक मोठी: मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमोला डोरोथिया लँगने वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला, तो जगभर गेला. नाव विचारलं नव्हतं. ती बाई फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन, हे लोकांना कळलं १९७८ मध्ये. तोवर ४२ वर्षं ती फक्त ‘स्थलांतरित आई’ होती.

आपल्याकडे हे जरा जास्तच लागू आहे. अल्बम ज्या घरात जपले गेले ते घर बहुधा खोताचं, मास्तरांचं, नाहीतर मुंबईत नोकरी असलेल्याचं. त्या फोटोत मधे खुर्चीवर बसलेल्यांची नावं मागे लिहिलेली असतात. कडेला उभा गडी, भात झोडणाऱ्या बाया, पेट्या उचलणारी पोरं यांची नसतात. ती नावं त्या घरात मिळणार नाहीत. फोटो घेऊन त्यांच्या वाडीत जा. हे कराल तरच तो संग्रह गावाचा.

विचारायची पद्धत: फोनवर फोटो दाखवू नका, म्हाताऱ्या डोळ्यांना काही दिसत नाही. ए-४ कागदावर मोठी प्रत काढा. तिच्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून डोक्यांच्या आकृत्या काढा आणि त्यात १, २, ३ आकडे घाला. ‘डावीकडून तिसरा’ हा घोळ पुढे कायमचा होतो, आकड्याने होत नाही. फोनवर रेकॉर्डिंग लावून आधी फोटोचा नंबर मोठ्याने म्हणा. एका बैठकीत दहाच्या वर फोटो नकोत. पहिला प्रश्न ‘हे कोण?’ नको. ‘हातात काय आहे?’, ‘हे कुणाचं खळं?’, ‘फोटो काढणारा कुठे उभा असेल?’ असं विचारत गेलात की नावं आपोआप येतात. दोघांना वेगवेगळं विचारा, जुळलं तर पक्कं. नाही जुळलं तर दोन्ही नावं लिहा, सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहा, पुढे ‘बहुधा’ ठेवा. शब्द त्यांचेच राहू द्या: मांगर, गडगा, इरलं, साकव. त्यांना ‘शेतातली खोली’ किंवा ‘लहान पूल’ करू नका.

काळ ओळखायला फोटोचे कोपरे वाचा. खळ्यात भात झोडतानाचा एखादा फोटो समोर घ्या. वर माटव (मांडव) घातलेला आहे म्हणजे दिवाळीनंतरचे आणि पावसाच्या आधीचे महिने. जमीन गुळगुळीत आणि सारवलेली, म्हणजे खळं नुकतंच केलंय. पडवीला विणलेली झापं बांधलेली असती आणि खुंटीला इरलं लटकत असतं तर तो पावसाळा. मग छप्पर बघा: गवत, नळे की मंगळुरी कौलं. एकाच घराचे तीन फोटो मिळाले आणि छपरं बदललेली दिसली की त्यांचा क्रम लागला. विजेचा खांब, वाशाला बल्ब, पितळेच्या कळशीजागी प्लास्टिकची बादली, पायात रबरी चप्पल, हे सगळं नोंदवा. एस.टी. दिसली तर १९४८ नंतरचा. गाडीच्या नंबरात ‘एमएच’ असेल तर १९८९ नंतरचा.

जागेच्या नोंदीत एक सांभाळा. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा झाला. मागे ‘ता. देवगड, जि. रत्नागिरी’ असं लिहिलेलं असेल तर ते त्याआधीचं असण्याची शक्यता मोठी. ते ‘सुधारू’ नका. लिहिलेलं जसंच्या तसं एका रकान्यात, आजचा पत्ता दुसऱ्या रकान्यात. वाडीचं नाव प्रत्येक वेळी लिहा, नुसत्या गावाच्या नावाने पन्नास वर्षांनी कुणाला काही कळणार नाही.

---

खाडीपलीकडे

दोघांचे मनापासून आभार. ट्रेसिंग पेपरची युक्ती आजच सुरू करतो. काचेच्या प्लेटा आणि वासाच्या निगेटिव्ह राहिल्या. प्लेटा साधारण सव्वातीन बाय सव्वाचार इंचांच्या आहेत, एकावर एक रचून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. पावसाळ्यात सगळं ठेवायचं कशात, हेही सांगा. आमच्याकडे जांभ्याच्या भिंतीतलं लाकडी कपाट आहे.

---

काचपट्टी

त्या ‘पाव प्लेट’ मापाच्या आहेत. सर्वात आधी त्यांची रास मोडा. आडव्या रचल्या की खालच्या प्लेटवर वजन येतं आणि तीच तडकते. एकेक प्लेट साध्या, बिनचकचकीत कागदाच्या चार पाकळ्यांच्या घडीत ठेवा. पाकीट नको, आतबाहेर करताना थर खरवडतो. मग लांब कडेवर उभ्या ठेवा, ग्रामोफोनच्या तबकड्यांसारख्या, मधेमधे पुठ्ठा घालून, डुगडुगणार नाहीत इतपत दाटीने. तडकलेली प्लेट तेवढी आडवी, तिच्या मापाच्या दुसऱ्या साध्या काचेवर. सेलोटेप लावू नका. हातात धरायची ती कडांनी, नायट्राइलचे मोजे घालून. सुती मोज्यांत काच सटकते.

चकचकीत बाजू काचेची, मंद बाजू चित्राची. मंद बाजूला हवेच्या फुग्याच्या फुंकरीपलीकडे काही लावायचं नाही. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा कण तिथे कायमचा बसतो. काचेची बाजू किंचित ओलसर फडक्याने पुसता येते, पण कडेपासून अर्धा सेंटिमीटर आत थांबा.

तुमच्या साध्या स्कॅनरने हे होणार नाही, झाकणात दिवा लागतो. मध्यम किमतीच्या स्कॅनरच्या झाकणातली दिव्याची पट्टीही जेमतेम पावणेतीन इंच रुंद असते, सव्वातीनची प्लेट तिच्यात पूर्ण मावत नाही. म्हणून कॅमेराच घ्या. चित्रकलेची मुलं वापरतात तसला एलईडी ट्रेसिंग पॅड आणा. प्लेट थेट पॅडवर टेकवलीत तर पॅडचे ठिपके आणि धूळ चित्रात येते. चारी कोपऱ्यांखाली ठोकळे देऊन ती दोन-तीन सेंटिमीटर वर उचला. प्लेटच्या बाहेरचा उजेड काळ्या पुठ्ठ्याने झाका, नाहीतर कडा धुरकट होतात. मंद बाजू वर ठेवा. चित्र उलटं, म्हणजे आरशातल्यासारखं येईल, ते संगणकावर फिरवा. फिरवायचं विसरलात तर नऊवारीचा पदर चुकीच्या खांद्यावर दिसेल आणि देवळाची दीपमाळ भलत्याच बाजूला. पाटीवरची अक्षरं असतील तर चूक लगेच कळते, नसतील तर पदरावरून ताडून बघा.

कॅमेरा समांतर आहे का बघायला पॅडवर छोटा आरसा ठेवा. लेन्सचं प्रतिबिंब बरोबर चौकटीच्या मध्यात आलं की समांतर. आयएसओ १००, एफ/८, दोन सेकंदांचा टायमर, रॉ फाइल. दाट प्लेटांची दोन-तीन वेगवेगळ्या उजेडांत चित्रं घ्या. अंधाऱ्या पडवीत आणि दाराच्या आत पुष्कळ काही दडलेलं असतं. बुचरच्या तीन हजारांवर प्लेटा नेब्रास्काच्या राज्य संग्रहात आहेत. त्या मोठ्या रेझोल्यूशनवर स्कॅन केल्यावर कागदी प्रिंटमध्ये नुसतं काळं दिसणाऱ्या दारांच्या आतलं सामान दिसू लागलं. तुमच्या अकरा प्लेटांतही तसं निघेल.

निगेटिव्हचं. वास व्हिनेगरचा आहे म्हणजे त्या अॅसिटेट या प्लास्टिकच्या आहेत. एकदा सुरू झालेलं आम्ल थांबत नाही, शेजारच्या चांगल्या फिल्मलाही लागतं. वासाच्या आणि बिनवासाच्या आजच वेगळ्या करा. वासाच्या हवाबंद डब्यात ठेवू नका, कागदी घडीत आणि मोकळ्या हवेत ठेवा. वळलेली फिल्म दाबून सरळ करायला जाऊ नका. ६ बाय ६ सेंटिमीटरची फिल्म २४०० डीपीआय, १६ बिट ग्रेमध्ये घेतली की सुमारे ५६ एमबी होते. स्कॅनर असो, कॅमेरा असो, तेवढं पुरे. स्कॅनरमध्ये धूळ काढायची इन्फ्रारेड सोय असेल तर काळ्यापांढऱ्या फिल्मला ती बंद ठेवा. चांदीचे कण इन्फ्रारेड अडवतात, यंत्र त्यांनाच धूळ समजतं आणि चेहरे बिघडवतं. कडेला ‘सेफ्टी’ असं छापलेलं नसेल, फिल्म १९५० च्या आधीची वाटत असेल आणि पिवळी, चिकट झाली असेल तर ती नायट्रेटची असू शकते. ती झपाट्याने पेट घेते. कौलांखालच्या माळ्यावर मुळीच नको, बाकीच्यांपासून दूर ठेवा. जाळून परीक्षा बघायची नाही.

ते भिंतीतलं कपाट विसरा. जांभा पावसात पाणी पितो आणि आश्विनापर्यंत सोडत नाही. आतल्या खोलीत लोखंडी कपाट, भिंतीपासून अर्धा फूट सुटं आणि जमिनीपासून वीतभर वर. त्यात रबरी कडेचे प्लास्टिकचे डबे, पॉलिप्रॉपिलीनचे. २०–२५ लिटरच्या डब्याला पाव किलो रंग बदलणारी सिलिका जेल, कापडी पिशवीत, फोटोंना न टेकता. सोबत घड्याळासारखा छोटा दमटपणामापक. काटा ३५ ते ५० मध्ये राहिला पाहिजे. ३० च्या खाली गेला तर फिल्म कडक होऊन वळते, मग थोडी जेल काढा. रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास, गार झाल्यावर परत. डबा भर पावसात बंद केलात तर ओल आतच कोंडाल, म्हणून भरायचं काम मे महिन्यातल्या कोरड्या दुपारी. डांबरगोळ्या नकोत. पॉलिथिनच्या पिशवीत अल्बम गुंडाळून ठेवायची सवय घरोघर आहे, ती मोडा, आत घाम धरतो. कसर लागलेला पुठ्ठा बाहेरच झटका. बुरशी असेल तर सावलीत वाऱ्यावर आधी पूर्ण वाळू द्या, मग मऊ ब्रशने, तोंडाला एन-९५ मास्क लावून. ओलं फडकं फिरवलंत की बुरशी थरात चोळली जाते.

---

वेंगुर्ले_बंदर

हक्काचा मुद्दा कुणी काढला नाही म्हणून थोडक्यात. पाय टाउनचा तो अमेरिकन संग्रह सरकारी असल्याने लोक त्यातले फोटो मोकळेपणाने वापरतात. आपल्या घरगुती फोटोंचं तसं नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्यात फोटोचा हक्क फोटोग्राफरच्या हयातीनंतर ६० वर्षं चालतो. पण पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा. म्हणून प्रत्येक घराकडून एक पानी मराठी संमतीपत्र घ्या: मूळ फोटो त्यांचाच राहील, तुम्ही प्रत ठेवाल, कुठे दाखवाल (गावात, छापून, इंटरनेटवर) त्याला वेगवेगळी टीक, आणि मागाहून नाही म्हणायची मुभा. मूळ फोटो नेताना नंबरांची पोच द्या आणि आठ दिवसांत परत करा. फोटोतली माणसं हयात असतील तर त्यांनाही विचारा. न्हाणीशी, विहिरीवर काढलेले बायकांचे फोटो त्यांच्या शब्दाशिवाय इंटरनेटवर नकोत.

फाइलींच्या तीन प्रती करा: दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, तिसरी ऑनलाइन. त्यातली एक डिस्क गावाबाहेर, मुंबईकराच्या घरी. पेनड्राइव्हवर भिस्त नको. आणि मुंबईकरांकडून फोटो मागवाल तेव्हा व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. साधा फोटो म्हणून आला की तो दाबून लहान होतो आणि खळ्याच्या कोपऱ्यातलं इरलं दिसेनासं होतं.